सैल कोट

"साधे कपडे घालून यायला सांगा," एवढंच वकीलबाई म्हणाल्या होत्या. पण शिंप्याच्या घराला असं सांगून आपण केवढा घोळ घालून ठेवलाय, हे त्या बाईंना कुठून कळणार?

उद्या सोमवारी बाळला शिक्षा सुनावली जाणार होती. म्हणून रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून सगळं घर कटिंगच्या टेबलाभोवती बसलं होतं. मास्तर, म्हणजे घरातले आप्पा, आपल्या खुर्चीत, कुणाकडेही न बघता. थोरला मुलगा, भाऊ, उभा, बँकेत मीटिंग घेतल्यासारखा. मुलगी, ताई, टाचण्यांची डबी घेऊन टेबलाच्या टोकाशी. बाळ भिंतीशी स्टुलावर. चाळिशीला टेकला तरी घरात तो अजून बाळच होता. आणि त्याची बायको, म्हणजे धाकटी, वरच्या खोलीतून त्याचे कपडे कवेत घेऊन उतरत होती आणि टेबलावर टाकत होती.

"साधे म्हणजे गरिबासारखे," भाऊ म्हणाला. "माणूस खचलाय, हे न्यायाधीशांना बघताक्षणी दिसलं पाहिजे."

"हा बघा, हा जुना आहे," धाकटीनं एक तपकिरी शर्ट उचलला.

बाळनं तो घातला. शर्ट अंगावर ओतल्यासारखा बसला. त्याची कॉलर कधीतरी झिजली होती, ती ताईनंच उसवून, उलटी करून पुन्हा लावली होती. आता तो नवाकोरा दिसत होता.

"ह्यात खचलेला कुठं दिसतोय?" भाऊ म्हणाला. "ह्यात मुलगी बघायला निघाल्यासारखा दिसतोय. दुसरा घाल."

दुसरा घातला. तिसरा घातला. पँटी झाल्या. प्रत्येक कपडा मेला जागच्या जागी. भाऊ शेवटी वैतागला. "आयुष्यात एक तरी कपडा बिघडवला असतात तुम्ही लोकांनी! जाऊ दे, मी कोपऱ्यावरनं एखादा रेडीमेड घेऊन येतो."

मास्तरांनी प्रथमच मान वर केली. "मी अजून जिवंत आहे."

"आप्पा, अहो एका दिवसाचा प्रश्न आहे."

"वाईटच हवाय ना? मी बेततो वाईट."

ते उठले. टेबलावर उरलेल्या कापडाचा तुकडा पसरला आणि खडू घेऊन खांद्याची रेघ ओढली. नजर अधू झाली होती, पण हात नजरेला विचारून चालत नव्हता. रेघ बरोबर आली. त्यांनी ती पुसली, मुद्दाम वाकडी धरून पुन्हा ओढली. शेवटी शेवटी खडू आपोआप वळला आणि रेघ पुन्हा बरोबर आली. तिसऱ्यांदा पुसताना त्यांच्या बाहीला खडू लागला आणि ताईला हसू फुटलं. मग तिच्या लक्षात आलं की बाळही हसतोय. त्या अपघातानंतर पहिल्यांदाच. दोघांनीही एकदम माना खाली घातल्या. हसायचा हक्क आपल्या घरानं गमावलाय, असं ताईला गेले कित्येक महिने वाटत होतं.

एका गिऱ्हाइकाच्या पार्टीतून बाळ प्यायलेला निघाला होता. 'अहो, घर कुठं लांब आहे,' असं तिथल्या लोकांना सांगून त्यानं गाडी काढली. डेपोजवळच्या चौकात पट्ट्यांवरून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला त्यानं उडवलं. ती बसची कंडक्टर होती, ड्यूटी संपवून घरी निघाली होती. पोलीस आले तेव्हा बाळ रस्त्यावर तिच्या शेजारी बसून होता. पळून गेला नाही, कोर्टात गुन्हाही कबूल केला. पहिलाच गुन्हा. त्यामुळे तुरुंग की सरकारी रुग्णालयात सक्तीची सेवा, हे अगदी काठावर आहे, असं वकीलबाई म्हणत होत्या. घर त्या काठावर श्वास धरून बसलं होतं.

"तो राखाडी कोट आणू का?" धाकटी म्हणाली. "उगाच आपला घालून बघू."

राखाडी कोट गेल्या वर्षीचा. ताईनं बेतलेल्या कोटांत तिला स्वतःला मनापासून आवडलेला असा तो एकच. बाळनं बाह्यांत हात घातले, खांदे हलवले.

कोट त्याच्या अंगावर नव्हता, अंगाभोवती होता. खांद्याची शिवण हाडावरून ओघळून दंडावर आली होती. कॉलर मानेपासून सुटून उभी राहिली होती. बाह्यांतून नुसती बोटांची टोकं दिसत होती. माणूस रोज डोळ्यांसमोर असला की त्याचं वाळणं दिसत नाही. ते कपड्याला दिसतं.

"झालं की काम!" भाऊ म्हणाला. "हाच."

मास्तर टेबलाला वळसा घालून आले. त्या रात्रीपासून ते धाकट्या मुलाशी एक शब्द बोलले नव्हते, त्याला हात लावणं तर दूरच. आता त्यांनी त्याच्या पाठीवरचं जास्तीचं कापड चिमटीत धरलं, ट्रायलला आलेल्या कुठल्याही गिऱ्हाइकाचं धरावं तसं. धरलं आणि सोडलंच नाही.

"दोन्ही बाजूंनी आत घ्यायला लागेल," ते म्हणाले. "टाचण्या दे गं."

"आप्पा, घ्यायचा नाहीये! असाच हवाय!"

"असा? माझ्या दुकानाचा कोट असा घालून हा चारचौघांत उभा राहणार?"

"चारचौघांत उभं राहायची पाळी कुणी आणली?" भाऊचा आवाज चढला. "बँकेत लोक मला बघून बोलायचे थांबतात, माहितीये? आणि तुम्हाला कोटाची पडलीये!"

"भाऊजी, हळू," धाकटी म्हणाली. मग सासऱ्यांकडे वळली. "आप्पा, राहू दे ना असाच. त्यांच्यासाठी."

टाचण्यांची डबी ताईच्या हातात होती. सगळे तिच्याकडे बघायला लागले. म्हातारा एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या बाजूला, आणि सुई कायम हिच्याकडे.

तेवढ्यात बाळच बोलला. "असाच जातो, आप्पा. आता कोटानं आणखी लाज यायची राहिली नाहीये."

मास्तरांनी चिमूट सोडली.

"आता ताई, तुझं," भाऊ तिच्यापुढे खुर्ची ओढून बसला. "वकीलबाई उद्या तुला बोलायला उभं करणार. त्या विचारतील, दुकानात कापड बेततो कोण? तू सांगायचं, बाळ. एकटा बाळ. आप्पांना दिसत नाही. तो आत गेला तर कात्री थांबली, दुकान बंद, कारागीर घरी. बस, इतकंच."

ताईनं बाळकडे बघितलं. बाळ जमिनीकडे बघत होता.

"शपथेवर?" तिनं विचारलं.

"अगं, यात नवीन काय आहे? सगळ्या गावाला आपण हेच सांगत आलोय. फक्त पडद्याऐवजी कोर्ट."

ते मात्र खरं होतं. मास्तरांची नजर अधू झाली तेव्हापासून दुकानातला प्रत्येक सूट ताई बेतत होती. पण बाईनं बेतलेला सूट कोण घेणार, म्हणून मास्तरांनी दुकानात आडवा पडदा टाकला होता. पुढे बाळ टेप घेऊन मोठ्यानं मापं बोलायचा, मागे ताई ती लिहून घ्यायची. सूट अंगात घालून गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की म्हणायचं, "काय हात आहे हो तुमचा!" बाळ लवून नमस्कार करायचा. गिऱ्हाईक गेलं की पडद्याआड येऊन दोन्ही ओंजळी तिच्यापुढे धरायचा. "तुमचं पार्सल आलंय, ताई. घ्या, नाहीतर परत पाठवतील." ती कात्रीची मूठ त्याच्या डोक्यात मारायची. त्या पार्सलांवर तिची इतकी वर्षं बरी गेली होती. निदान तिला तसं वाटत होतं.

धाकटीनं तिचा हात धरला. "ताई, एवढं कराल ना?"

"करीन गं," ताई म्हणाली. आणि त्या क्षणी तिच्या मनात दुसरं काही नव्हतं.

सोमवारी कोर्टाच्या बाहेरच्या लांब बोळात दोन्ही भिंतींना बाकं होती. मास्तर एका बाकावर बसले आणि आत येणार नाही म्हणाले. "इथंच बसतो. काय होईल ते बाहेर येऊन सांगा."

समोरच्या बाकावर ती कंडक्टरबाई बसली होती. शेजारी दोन कुबड्या. ती गणवेशात आली होती. डाव्या पायात आरपार सळ्या आणि त्यांना बाहेरून धरणारी लोखंडी चौकट. पँटचा तो पाय गुडघ्याच्या वरपर्यंत फाडलेला होता, आणि उघडं राहू नये म्हणून सेफ्टी पिना लावून जमेल तसा मिटवलेला.

ताईनं बघायचं नाही म्हणून ठरवलं होतं. पण डोळ्यांना जन्माची सवय. कापणाऱ्यानं शिवणीवरून उसवायचं सोडून भर कापडातून कात्री चालवली होती, तीही घरातली कसलीतरी बोथट. कडांचे धागे सुटत होते आणि सळ्यांत अडकत होते. चांगल्या गणवेशाचं मातेरं झालं होतं. ताईच्या पर्समध्ये सुईदोरा असायचाच. काय करतोय हे कळायच्या आत ती बोळ ओलांडून बाईसमोर वाकली होती.

"ही पिन टोचत असेल. मी दोन टाके घालून देते, एका मिनिटाचं काम आहे."

बाईनं तिला वरून खाली न्याहाळलं. "तुम्ही कोर्टातर्फे का?"

"नाही. मी... त्याची बहीण."

"अस्सं." बाईनं पाय जरासा मागे घेतला, तेवढ्यानंही तिचा चेहरा आवळला. "राहू द्या. तुमच्या घरच्यांनी माझ्यासाठी पुष्कळ केलंय."

ताईला सरळ उभं राहता येईना आणि वाकूनही राहता येईना.

"नवऱ्यानं फाडली पँट," बाई स्वतःच पुढे बोलली. "त्या बिचाऱ्याचे हात थरथरत होते. म्हणाला, चांगली पँट आहे गं. म्हटलं फाड, आता कुठं बसमध्ये उभी राहणारे मी? गुडघा वाकत नाही म्हणतात आता. खिडकीत बसवणारेत पास द्यायला. गर्दीत धक्के खायचा कंटाळा आला म्हणायची मी रोज. घ्या आता." ती हसली, पण ते हसू ताईसाठी नव्हतं. "तो आत गेला त्यानं दुसऱ्याच कुणा मोठ्या माणसाचा कोट घातलाय का? मला आधी ओळखूच येईना."

ताई परत आपल्या बाकाशी आली. मास्तरांनी सगळं ऐकलं होतं. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "शिवणीवरून उसवायला हवी होती."

"हो, आप्पा."

"सांगितलं नाहीस ना तिला?"

"नाही सांगितलं."

आत बाळ उभा होता. कोटानं भाऊला हवं होतं तेच केलं होतं. मागच्या बाकावरच्या एका बाईनं तर जीभ टाळ्याला लावून चुकचुकल्यासारखं केलं. वकीलबाई छान बोलल्या. पहिला गुन्हा, कबुली, पश्चात्ताप. मग त्यांनी ताईला पुढे बोलावलं.

"दुकान किती जुनं?"

"वडिलांचं आहे."

"आणि आता दुकानाचा सगळा भार तुमच्या धाकट्या भावावर?"

"हो," ताई म्हणाली. ते खोटं नव्हतं. गिऱ्हाईक सांभाळणं म्हणजे भारच.

"तो तुरुंगात गेला तर?"

"अवघड होईल."

भाऊनं लांबून मान हलवली, पुढचं बोल, पुढचं. वकीलबाईंनीच ते बोलून टाकलं. "म्हणजे कापड बेतणारे कसबी हात तेवढेच आहेत, असं आपल्याला म्हणायचंय." आणि त्या खाली बसल्या. ताईला वाटलं, सुटलो. आपल्याला ते म्हणावंच लागलं नाही.

सरकारी वकील उठले. सडपातळ माणूस, सर्दीनं बेजार झालेला. रुमाल घडी करून खिशात ठेवीपर्यंत त्यांनी सगळ्यांना ताटकळत ठेवलं.

"बाई, तुमच्या दुकानाचं मोठं नाव आहे. माझ्या मेव्हण्याचा सूट तुमच्याचकडचा. त्याला काही शोभत नाही, पण तो सूट शोभला." कोर्टात थोडं हसू पिकलं. "हा कोट तुमच्याच दुकानातला?"

"हो."

"इतका कसबी माणूस, आणि स्वतःच्या अंगावर असा कोट? मला शिंपीकाम कळत नाही. पण हा कोट मलासुद्धा चुकलेला दिसतोय."

सगळ्यांनी कोटाकडे बघितलं. न्यायाधीशांनी चष्मा वर करून बघितलं. ताईच्या कानशिलांत गरम झालं.

"कोट चुकलेला नाही, साहेब," ती म्हणाली. "माणूस वाळलाय."

"म्हणजे बेतला तेव्हा बरोबर होता?"

"बोटभरही चूक नव्हती. बगलेखालची शिवण बघा. कॉलर बघा. आतून बघा हवं तर."

"बघतो ना. बेतला कुणी?"

इथं एक शब्द बोलायचा होता. त्यानंच. तो शब्द ती आयुष्यभर पडद्यामागून बोलत आली होती, जिभेला काही नवीन नव्हता. तिनं बाळकडे बघितलं. बाळही तिच्याकडेच बघत होता, आणि त्या नजरेत बोल किंवा बोलू नको असं काहीच नव्हतं. त्याच्या मागे, कडेच्या बाकावर कंडक्टरबाईचा तो लोखंडी पाय पुढे पसरलेला होता, पिनांनी मिटवलेला.

"मी," ताई म्हणाली.

"तुम्ही."

"तो कोट मी बेतला. तुमच्या मेव्हण्याचा सूटही मीच बेतला असेल. दुकानातलं सगळं मीच बेतते."

वकीलबाईंनी डोळे मिटले. भाऊनं कपाळाला हात लावला. हे सगळं ताईला दिसत होतं. पण त्या पहिल्या घटकेला तिच्या छातीत काय झालं असेल, तर तिला गोड वाटलं. भरल्या कोर्टात, उजेडात, तिनं आपलं काम आपलं म्हटलं होतं, आणि न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं होतं. पाण्याचा पहिला घोट घशातून उतरावा तसं वाटलं. मग तिला भाऊ दिसला, धाकटी दिसली, तो सैल कोट दिसला, आणि त्या घोटाची इतकी लाज वाटली की कठड्याची कड धरून ठेवावी लागली.

न्यायाधीश फार वेळ बोलले नाहीत. आरोपीची कबुली खरी वाटते, तिची नोंद घेतली आहे. पण जखमी बाईचं आयुष्यभराचं काम गेलं आहे. आणि आरोपीवाचून दुकान बंद पडेल, कारागीर उघड्यावर येतील, असं जे मांडण्यात आलं, ते त्याच्या बहिणीच्या बोलण्यावरून टिकत नाही. सहा महिने कैद. गाडीचा परवाना रद्द.

बाळ मान हलवत राहिला, मापं नीट ऐकून घ्यावीत तशी. शिपायानं त्याच्या कोपराला हात लावला तेव्हा सैल बाहीत तो हात आधी नुसत्या कापडालाच लागला, आणि त्याला पुन्हा धरावं लागलं. दाराशी बाळ वळला. ताईला वाटलं, आता काहीतरी म्हणेल. त्यानं कंडक्टरबाईकडे बघून हात जोडले. बाईनं तोंड फिरवलं. ताईकडे त्याचं लक्षच गेलं नाही, की गेलं आणि नसल्यासारखं केलं, हे तिला पुढे कधीच ठरवता आलं नाही.

बोळात धाकटीनं तिला गाठलं. ती रडत नव्हती, तेच वाईट होतं.

"झालं ना मनासारखं, ताई?"

"अगं, मनासारखं काय त्यात?"

"सहा महिने दुकान तुमचं एकटीचं. आता पाटीवरही नाव घाला हवं तर. पडदा मी काढून देते."

"धाकटे, गप," भाऊ म्हणाला. पण ते ताईची बाजू घेऊन नव्हे. आजूबाजूला लोक होते म्हणून. मग तो ताईच्या कानाशी आला. "त्यानं विचारलं होतं, बेतला कुणी. बाळ म्हणायला काय झालं होतं तुला? एक शब्द. रोज म्हणतेस."

"मला नाही म्हणता आलं."

"त्या पायामुळे?"

हो म्हटलं असतं तर भागलं असतं. फाटक्या पँटकडे बघून तिला पाझर फुटला, खोटं बोलवेना, हे त्यानं समजून घेतलं असतं. धाकटीनंही कधीतरी समजून घेतलं असतं. हो म्हणायचं तिच्या ओठांवर आलंही. पण तिला ठाऊक होतं की पाय होता तो अर्धाच. उरलेलं अर्धं तो कोट होता. कुणीतरी तिच्या कोटाला चुकलेला म्हटलं होतं.

"नुसतं त्यामुळे नाही," ती म्हणाली.

भाऊनं तिच्याकडे असं बघितलं, जसं बँकेतले लोक त्याच्याकडे बघत असावेत. मग तो धाकटीला घेऊन जिन्याकडे गेला.

मास्तर अजून बाकावर होते. समोरचं बाक रिकामं होतं, कंडक्टरबाई दुसऱ्या दारानं गेली असावी. ताई त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"किती?" त्यांनी विचारलं.

"सहा महिने."

म्हाताऱ्याचे हात मांडीवर होते. त्यातला एक हलला, पुन्हा स्थिर झाला. "वकीलबाईंनी दुकानाचं नाही सांगितलं?"

"सांगितलं."

"मग?"

"मग मला विचारलं, कोट कुणी बेतला."

मास्तर वळले. त्यांना तिचा चेहरा नीट दिसत नव्हता, तरी ते त्याच दिशेला बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांनीही तिला हा प्रश्न कधी विचारला नव्हता. विचारायची गरज कुठं होती? पडदा त्यांनीच टाकला होता.

"काय सांगितलंस?"

आत, सगळ्या अनोळखी लोकांसमोर, तो शब्द किती सहज आला होता. इथं फक्त बाप होता.

"मी बेतला म्हणून सांगितलं, आप्पा."

बोळातून माणसं ये-जा करत होती, कुणाकुणाची नावं पुकारली जात होती. मग मास्तरांनी हात तिच्याकडे केला, उठवायला. तिनं त्यांना धरून उठवलं, तेव्हा ते म्हणाले, "मीही आत यायला हवं होतं. ते ऐकायला."